एक गाडी, नऊ लढती: बार्देशमधील एका एमएमए रात्रीचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरण गोव्यातील बार्देश तालुक्यातील एका बंदिस्त क्रीडागृहात शनिवारी संध्याकाळी झालेल्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र चालणाऱ्या एमएमएच्या, नऊ लढतींच्या कार्यक्रमाचे आहे. कार्यक्रमाचे यूट्यूबवर मराठी समालोचनासह थेट प्रक्षेपण होत होते आणि त्याच्या समन्वयाचे काम माझ्याकडे होते. कानात टॉकबॅक (प्रक्षेपण-कक्षाशी बोलण्याचे यंत्र) लावून लढतीच्या जाळीदार पिंजऱ्याच्या कडेला उभे राहायचे आणि आता कोण येणार, किती मिनिटांत येणार हे प्रक्षेपण-कक्षात बसलेल्या दिग्दर्शकाला सांगत राहायचे, एवढेच ते काम. त्या रात्री ७ वाजून ५२ मिनिटांपासून ८ वाजून ५७ मिनिटांपर्यंत, म्हणजे ६५ मिनिटे, या साध्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, कारण क्रीडागृहाच्या दारातली रुग्णवाहिका रुग्णाला घेऊन गेली होती आणि दुसरी गाडी नव्हती. आयोजक, खेळाडू आणि अधिकारी यांची नावे येथे जाणूनबुजून दिलेली नाहीत.

कागदावरची संध्याकाळ

क्रिकेटचा सामना किती षटकांचा हे आधी ठरलेले असते, आणि जत्रेतल्या तीन अंकी नाटकाचे मध्यंतर कधी होणार हे मांडवाबाहेरच्या चहावाल्यालाही ठाऊक असते. एमएमएची लढत मात्र किती चालेल हे कोणालाच सांगता येत नाही. व्यावसायिक लढत साधारणपणे पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची आणि विजेतेपदाची लढत पाच फेऱ्यांची असते, दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट विश्रांती असते. पण एखादा ठोसा नीट बसला की पंधरा मिनिटांसाठी राखलेली जागा क्षणात रिकामी होते. जुलै २०१९ मध्ये यूएफसी या अमेरिकी एमएमए संस्थेच्या २३९व्या कार्यक्रमात होर्हे मासविडालने बेन आस्क्रेनला अवघ्या पाच सेकंदांत बाद केले. त्या लढतीच्या जाहिराती आणि पूर्वरंग यांवर गेलेला वेळ तिच्या कित्येक पटींनी जास्त होता.

उलट बाजूची अडचण याहून जुनी आणि अधिक बोधक आहे. यूएफसीचा पहिला कार्यक्रम १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे झाला आणि पैसे भरून घरी दूरचित्रवाणीवर पाहण्याच्या पद्धतीवरच तो उभा होता. चौथा कार्यक्रम १६ डिसेंबर १९९४ रोजी टल्सा येथे झाला. लढतींना तेव्हा वेळेची मर्यादा नव्हती. अंतिम लढतीत डॅन सेव्हर्न हा वजनाने कितीतरी जड असलेला कुस्तीगीर रॉइस ग्रेसीला खाली दाबून बसला, मिनिटांमागून मिनिटे गेली, आणि उपग्रहावर घेतलेली वेळ संपल्यामुळे अनेक घरांतले चित्र निकालाआधीच बंद झाले. खाली पडलेल्या ग्रेसीने पंधरा मिनिटे उलटून गेल्यावर पायांच्या कैचीने सेव्हर्नचा गळा आवळून लढत जिंकली, ती पैसे भरणाऱ्या अनेकांनी पाहिलीच नाही आणि त्यांनी पैसे परत मागितले. पुढच्याच कार्यक्रमात लढतींना वेळेची मर्यादा आली. खेळाच्या नियमपुस्तिकेतला घड्याळाचा काटा मुळात प्रक्षेपणाच्या गरजेतून फिरू लागला, हे या क्षेत्रात काम करणाऱ्याने विसरू नये असे मला वाटते. आम्ही ते विसरलो होतो.

आमचा हिशेब असा होता. सहा हौशी लढती, प्रत्येकी तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. विश्रांती धरून जास्तीत जास्त ११ मिनिटे, शिवाय खेळाडूंचा प्रवेश, ओळख आणि निकाल यांना ९ मिनिटे. दोन व्यावसायिक लढती प्रत्येकी १७ अधिक १२ मिनिटांच्या आणि शेवटी विजेतेपदाची लढत २९ अधिक १२ मिनिटांची. पंधरा मिनिटांचे मध्यंतर मिळवले तर बेरीज २३४ मिनिटांची होते. साडेपाचला सुरुवात केली आणि एकही लढत वेळेआधी संपली नाही, तरी ९ वाजून २४ मिनिटांनी सगळे आटोपते. हा हिशेब मी स्वतः केला होता आणि आजही तो चुकीचा वाटत नाही. फक्त त्यात जखमी माणूस नव्हता.

परवान्यांबद्दल थोडक्यात सांगतो. पंचायतीचा ना हरकत दाखला, पोलीस आणि अग्निशामक दलाची परवानगी, उपजिल्हाधिकारी कार्यालयाचा ध्वनिपरवाना हे सगळे वेळेत हाती आले होते. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. बंदिस्त सभागृहात आतल्या आत वापरण्यास मुभा आहे. आत मुभा आणि बाहेर बंदी, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तिकीट न मिळालेल्या गावकऱ्यांसाठी आयोजकांनी क्रीडागृहाच्या आवारात एलईडी पडदा आणि दोन ध्वनिक्षेपक लावले होते.

वैद्यकीय व्यवस्थेचा कागद वेगळा होता आणि तो वेगळ्या माणसाने केला होता. त्यात पिंजऱ्याजवळ दोन डॉक्टर, प्राणवायू, स्ट्रेचर, रक्ततपासणीचे अहवाल आणि 'रुग्णवाहिका: १' असे लिहिलेले होते. या कागदावर कुठेही वेळ नव्हती, आणि माझ्या कागदावर कुठेही रुग्णवाहिका नव्हती. दोन्ही कागद एकाच टेबलावर दोन दिवस शेजारी शेजारी पडून होते.

सहाव्या लढतीपर्यंत

प्रमुख पाहुणे अर्ध्या तासाने आले. समई पेटली, पुष्पगुच्छ झाले, भाषणे झाली. पहिली लढत साडेपाचऐवजी ६ वाजून २० मिनिटांनी सुरू झाली. गोव्यात कार्यक्रमाच्या वेळापत्रकात समईसाठी वेगळा रकाना ठेवावा लागतो, हे मी त्या दिवसापासून पाळतो. मध्यंतर रद्द केले. सुदैवाने पहिल्या चारपैकी दोन लढती पहिल्याच फेरीत संपल्या आणि सव्वासातच्या सुमारास पाचवी रंगात आली तेव्हा उशीर जवळजवळ भरून निघाला होता.

चित्रीकरणाची बाजू चांगली चालली होती. पिंजऱ्याची जाळी हा कॅमेऱ्याचा जुना शत्रू आहे, कारण स्वयंचलित फोकस खेळाडूला सोडून जाळीच धरतो. त्यामुळे मुख्य कॅमेरा जाळीच्या वरून दिसेल इतक्या उंच मचाणावर होता आणि दोन कॅमेरामन पिंजऱ्याच्या बाहेरच्या कठड्यावर उभे राहून जाळीच्या वरच्या गादीवरून भिंग आत घालत होते. चौथा कॅमेरा खेळाडूंच्या प्रवेशमार्गावर होता.

मराठी समालोचन करणारे काका आयुष्यभर कुस्तीच्या आखाड्यांवर बोललेले गृहस्थ होते आणि त्यांनी या खेळाला स्वतःची भाषा दिली होती. पायात शिरून एक पाय उचलला की 'एकेरी पट काढला', दोन्ही पाय आवळले की 'दुहेरी पट', खांद्यावरून फेकले की 'धोबीपछाड'. त्यांची पहिल्या तासातली एकच अडचण म्हणजे 'चितपट' हा शब्द. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. इथे पाठ टेकलेला माणूस खालून हात मुरगळून किंवा गळा आवळून जिंकू शकतो. दुसऱ्या लढतीत एका खेळाडूने प्रतिस्पर्ध्याची पाठ टेकवताच त्यांनी 'चितपट' म्हणत त्याला विजयी घोषित केले आणि तो नंतर हरला. त्यावर ते प्रेक्षकांना मोकळेपणाने म्हणाले, "मंडळी, माझी पाठ टेकली, पण मी अजून हरलेलो नाही."

सहावी लढत ७ वाजून ३६ मिनिटांनी सुरू झाली. दुसऱ्या फेरीच्या पहिल्याच मिनिटात लाल कोपऱ्यातल्या खेळाडूच्या हनुवटीवर उजव्या हाताचा ठोसा बसला, तो उभ्यानेच शुद्ध हरपला आणि पडताना डोक्याचा मागचा भाग मॅटवर आपटला. पंचाने झेप घेऊन लढत थांबवली. दिग्दर्शकाने टॉकबॅकवर एकच शब्द उच्चारला, "वाइड." सगळे कॅमेरे दूर गेले. खेळाडू उठून बसेपर्यंत जवळचे चित्र आणि त्या ठोशाची पुनर्दृश्ये दाखवायची नाहीत, हे आम्ही सकाळच्या बैठकीत ठरवले होते आणि ते काटेकोरपणे पाळले गेले. त्या रात्री आमच्या हातून बरोबर घडलेल्या गोष्टींत ही पहिली.

खेळाडू थोड्याच वेळात शुद्धीवर आला, पण आपण कोणत्या फेरीत होतो हे त्याला सांगता येईना आणि त्याला एकदा उलटी झाली. डॉक्टरांनी डोक्याचे सीटी स्कॅन आवश्यक मानले. कवटीच्या आत रक्तस्राव होत असेल तर रुग्ण कधी कधी सुरुवातीला नीट बोलतो आणि नंतर ढासळतो, म्हणून वाट पाहणे हा उपाय नसतो. ७ वाजून ५२ मिनिटांनी गाडी त्याला घेऊन बांबोळीला, गोमेकॉकडे (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे) निघाली.

पासष्ट मिनिटे

आयोजकांपैकी एकाने डॉक्टरांना विचारले, "डॉक्टर, तुम्ही इथे आहात, दुसरे डॉक्टरही आहेत. एक लढत होऊ द्या ना, तोपर्यंत गाडी येईल." डॉक्टर उठलेदेखील नाहीत. "मी आहे, गाडी नाही. पुढच्याला असंच झालं तर मी त्याला कशात घालू? तुमच्या स्कॉर्पिओत?" एवढे बोलून त्यांनी आपली खुर्ची पिंजऱ्याच्या दारासमोर ओढून घेतली आणि तिथे बसून राहिले. दार त्यांच्या गुडघ्याला लागल्याशिवाय उघडणार नव्हते.

गाडी लगेच परत येण्याची शक्यता नव्हती. शनिवारची संध्याकाळ, पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामामुळे तुंबलेला रस्ता, आणि रुग्णाला दाखल करून घेईपर्यंत गाडीला थांबावे लागणार हे उघड होते. १०८ ही सेवा तातडीच्या रुग्णांसाठी आहे, करमणुकीच्या कार्यक्रमासाठी ती दारात उभी करून ठेवणे योग्य नव्हे, यावर सुदैवाने कोणाचे दुमत झाले नाही. शेवटी फोंड्याहून एक खासगी गाडी निघाली.

प्रक्षेपण-कक्षात त्या वेळी आमच्याकडे खेळाडूंच्या ओळखीच्या चित्रफिती होत्या, त्या सगळ्या मिळून चौदा मिनिटांच्या. त्या संपल्यावर काकांनी सेव्हर्न आणि ग्रेसीची गोष्ट सांगितली, पाठीवर पडून जिंकणे म्हणजे काय हे दोन कनिष्ठ मुलांकडून मॅटवर करून दाखवले, आणि शांघायमध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये भरत खंडारे हा यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय कसा ठरला आणि जून २०२४ मध्ये पूजा तोमर ही तिथे जिंकणारी पहिली भारतीय स्त्री कशी ठरली, हे सांगितले. हा भाग मी नंतर पुन्हा पाहिला. आमच्या संपूर्ण प्रक्षेपणात यापेक्षा उपयुक्त मजकूर दुसरा नव्हता. मात्र तो पुरता लोकांपर्यंत गेलाच नाही. क्रीडागृहातील प्रेक्षक कंटाळू नयेत म्हणून डीजेने चित्रपटगीते लावली, ती सभागृहाच्या मायक्रोफोनमधून थेट प्रक्षेपणात शिरली, यूट्यूबच्या यंत्रणेने स्वामित्वहक्काची गाणी ओळखली, इशारा दिला आणि ८ वाजून २० मिनिटांनी प्रक्षेपण तोडले. क्रीडागृहात गाणी वाजवण्याचा परवाना आयोजकांकडे होता. पण तो परवाना सभागृहापुरता असतो, प्रक्षेपणाला त्याचा उपयोग नसतो. नवा दुवा तयार करून सर्वत्र पाठवेपर्यंत नऊ मिनिटे गेली आणि जुन्या दुव्यावरचे सगळे प्रेक्षक काही नव्या दुव्यावर आले नाहीत.

याच वेळात मी कपडे बदलण्याच्या खोलीत गेलो होतो. सातव्या लढतीचा खेळाडू लाकडी बाकावर बसला होता. हातांना पट्ट्या बांधून, त्यावर चार औंसांचे हातमोजे घालून, मनगटाशी चिकटपट्टी लावून त्यावर निरीक्षकाने सही केली होती. ती सही तुटली तर सगळे पुन्हा करावे लागते. त्यामुळे त्याला स्वतःच्या हाताने बाटलीचे झाकण उघडता येत नव्हते आणि लघवीला जायचे तर प्रशिक्षकाला सोबत न्यावे लागत होते. आदल्या दिवशी ६५.८ किलोच्या गटात बसण्यासाठी त्याने शरीरातले पाणी काढले होते. साडेसातला अंगाला आलेला घाम आता सुकला होता. "सर, किती वेळ?" त्याने विचारले. "वीस मिनिटं," असे मी सांगितले. ते खोटे होते, आणि त्याच्या वस्तादांनी ते ओळखले. त्यांनी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि त्याला पुन्हा दोरीवरच्या उड्या मारायला लावले. खेळाडूला गरम कधी करायचे हे ठरवण्यासाठी वस्तादांना जी वेळ हवी असते तीच दिग्दर्शकालाही हवी असते. दोघांनाही ती सांगणारा एकच माणूस होता आणि त्या वेळी त्याला ती ठाऊक नव्हती.

दहाचा ठोका

८ वाजून ५७ मिनिटांनी फोंड्याची गाडी आवारात शिरली. डॉक्टर उठले, गाडीतला प्राणवायू स्वतः पाहून आले आणि मगच त्यांनी खुर्ची बाजूला केली. उरलेल्या तीन लढतींना पूर्ण वेळ धरला तर १०:३६ होणार होते. खेळाडूंचा संगीतासह प्रवेश आणि लांबलचक ओळखी काढून टाकल्या तरी १०:१५. विजेतेपदाची लढत तीन फेऱ्यांची करावी, अशी सूचना आली. दोन्ही कोपऱ्यांनी, म्हणजे दोन्ही खेळाडूंच्या चमूंनी, ती नाकारली आणि मुख्य पंचांनी त्यांची बाजू घेतली. माझ्या मते ते योग्यच झाले, कारण पाच फेऱ्यांसाठी तयारी केलेला माणूस पहिल्या फेरीत दम राखून लढतो आणि वेळ ऐनवेळी कापली तर लढतच बदलते.

सातवी लढत नऊला सुरू होऊन दुसऱ्या फेरीत संपली. आठवी पूर्ण चालली. विजेतेपदाची लढत ९ वाजून ३८ मिनिटांनी सुरू झाली आणि चौथ्या फेरीचा शेवटचा मिनिट उरला असताना दहा वाजले. नियमाप्रमाणे बंद करायचे होते ते आवारातले दोन ध्वनिक्षेपक. पण ध्वनियंत्रणा पाहणाऱ्या मुलाला नेमका कोणता खटका बाहेरचा हे कोणी सांगितले नव्हते, दारात पोलीस उभे होते, आणि त्याने सुरक्षित मार्ग म्हणून मुख्य खटकाच खाली ओढला. समालोचकांचा आवाजही त्याच यंत्रातून प्रक्षेपणाकडे जात होता, तोही गेला. दिग्दर्शकाने प्रसंगावधान राखून कठड्यावरच्या कॅमेऱ्याचा स्वतःचा मायक्रोफोन उघडला.

त्यानंतरची सात मिनिटे प्रेक्षकांनी लढत कोणाच्याही बोलण्याशिवाय ऐकली. मॅटवर पाय घासण्याचा आवाज, जाळीवर आदळणारी पाठ, निळ्या कोपऱ्यातून येणारे "हात वर, हात वर, श्वास घे" आणि पंचाचे "झुंज चालू ठेवा". सुरुवातीला 'आवाज गेला' अशा तक्रारींची रांग लागली. पाचवी फेरी निम्मी झाली तेव्हा कोणी काही लिहीत नव्हते. निकाल जाहीर करताना निवेदकाकडे माईक नव्हता. त्याने तोंडाभोवती दोन्ही हातांचे तळवे धरले आणि तीन परीक्षकांचे गुण ओरडून सांगितले: ४८–४७, ४७–४८, ४८–४७. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला बहुधा नऊ, या पद्धतीत याचा अर्थ तिघांपैकी प्रत्येकाच्या लेखी फेऱ्यांची वाटणी तीनास दोन अशी झाली होती आणि त्या तीन फेऱ्या कोणाच्या यावर दोघांनी एक, एकाने दुसरे मत दिले होते.

कारणे आणि दुरुस्ती

कार्यक्रमानंतरच्या बैठकीत दोष पाहुण्यांच्या उशिरावर ढकलला गेला. आकडे पाहता ते पटत नाही. ७ वाजून ४१ मिनिटांनी सहावी लढत थांबली तेव्हा आम्ही मूळ वेळापत्रकाच्या चार मिनिटे पुढे होतो. दोष त्या दोन कागदांचा होता. अमेरिकेतील नेवाडासारख्या राज्यांत क्रीडा आयोग असतो, तोच डॉक्टर, पंच आणि परीक्षक नेमतो, आणि पूर्वअटी पुऱ्या नसतील तर आयोजकाच्या तोंडावर दार लावतो. आपल्याकडे अशी वैधानिक यंत्रणा नसल्यामुळे ज्याला कार्यक्रम चालू राहण्यात रस आहे तोच डॉक्टरांचे मानधन देतो. त्या रात्री सगळे निभावले ते एका डॉक्टरच्या स्वभावामुळे, आणि व्यवस्था स्वभावावर सोडता येत नाही. ज्या डॉक्टरला पुढच्या वर्षीही बोलावणे हवे असेल तो खुर्ची ओढून बसेलच असे नाही.

पुढील कार्यक्रमाच्या करारात म्हणून डॉक्टरांचा नकार अंतिम आणि कारण न मागण्याजोगा राहील असे वाक्य घालण्यात आले. रुग्णवाहिका दोन झाल्या. दुसरीचे एका रात्रीचे भाडे आवारातल्या एलईडी पडद्याच्या भाड्यापुढे काहीच नव्हते. समालोचनाचा आवाज सभागृहाच्या यंत्रातून न नेता थेट प्रक्षेपणाकडे नेला जातो, आणि सभागृहातले मायक्रोफोन गाणी लागली की आमच्या बाजूने बंद होतात. माझ्या वेळापत्रकात प्रत्येक लढतीच्या ओळीत पहिला रकाना आता गाडीचा आहे, खेळाडूंची नावे त्यानंतर येतात.

त्या खेळाडूचे स्कॅन स्वच्छ आले आणि एक रात्र देखरेखीखाली ठेवून त्याला घरी सोडले. डॉक्टरांनी त्याला ६० दिवस सरावातही डोक्यावर मार न घेण्याची सक्ती केली. प्रक्षेपणाची संपादित आवृत्ती करताना ६५ मिनिटांपैकी काकांचे बोलणे तेवढे ठेवले. शेवटच्या सात मिनिटांवर समालोचन नव्याने ध्वनिमुद्रित करण्यासाठी मी त्यांना बोलावले होते. त्यांनी हेडफोन लावून ती एकदा पूर्ण ऐकली, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "इथं माझं काम नाही." ती सात मिनिटे तशीच चढवली आहेत.